पहिला परदेश कोणता? शिरोलीच्या एका पंपवाल्याला दिलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पंचेचाळीस माणसांचा कारखाना आहे. विहिरीवरचे मोनोब्लॉक आणि बोअरचे सबमर्सिबल पंप बनतात, अर्धा ते साडेसात एचपी. कोइमतूर आणि राजकोटवाल्यांनी देशातले भाव पाडल्यामुळे आता निर्यातीचा विचार चाललाय. यादीत पाच देश आहेत: अमेरिका, जर्मनी, सौदी अरेबिया, केनिया आणि नेपाळ. विकत घेतलेल्या एका अहवालात अमेरिकेचा बाजार सगळ्यात मोठा दाखवलाय, शिवाय मेहुणे न्यू जर्सीत असतात. मग अमेरिकेपासूनच सुरुवात करावी का?

मी सत्तावीस वर्षं परदेशात पंप विकले. आधी पुण्यातल्या एका कंपनीत नोकरीला होतो, नंतर लहान कारखान्यांना सल्ला देऊ लागलो. तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकतो: अमेरिका नको, जर्मनी नको, सौदी तर मुळीच नको. नेपाळ याच वर्षी करा आणि केनियाची तयारी आतापासून सुरू करा. आता कारणं सांगतो. ती तुमच्या मालाला लागू आहेत. उद्या कोणी काजूगर किंवा सॉफ्टवेअर घेऊन आला तर त्याच्यासाठी यादी वेगळी निघेल.

मेहुण्यांचा विषय आधी संपवू. चेष्टा करत नाही; मी पाहिलेल्या लहान कारखान्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचा पहिला परदेश कोणी ना कोणी नातेवाईक राहतो तोच होता. त्यात तथ्यही आहे. अनोळखी देशात सगळ्यात महाग वस्तू म्हणजे विश्वास, आणि तो नात्यातून फुकट मिळतो. पूर्व आफ्रिकेत गुजराती व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जो धंदा केला तो याच जोरावर. पण ते व्यापारी दुकानात बसलेले होते, हार्डवेअर विकत होते, उधारी कोणाला द्यायची हे जाणत होते. तुमचे मेहुणे आयटीत आहेत. ते तुम्हाला विमानतळावर घ्यायला येतील, घरी पुरणपोळीही होईल, पण बोअर मारणाऱ्या ठेकेदाराशी त्यांची ओळख नसणार. नातेवाईक त्या धंद्यात असेल तर तो दहा अहवालांना भारी. नसेल तर तो फक्त हॉटेलचा खर्च वाचवतो.

आता त्या अहवालाबद्दल. 'अमुक अब्ज डॉलरचा बाजार' हा आकडा कोणाचा, हे विचारायचं असतं. त्यात तेलशुद्धीकरणाचे पंप, आगीच्या बंबांचे पंप, जलतरण तलावांचे पंप सगळे एकत्र कोंबलेले असतात. तुमचा वाटा त्यातल्या एका कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यातही तुमच्याआधी कोणीतरी बसलेला.

मोठ्या आकड्याने मोठमोठे फसलेत. केलॉग्ज भारतात आली ती १९९४ साली, कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यातल्या तळोज्याला. नव्वद कोटींवर लोक रोज सकाळी काही ना काही खातात, त्यातल्या थोड्यांनी जरी कॉर्नफ्लेक्स खाल्ले तरी केवढा बाजार, असा तो हिशोब. पण आपल्याकडे दूध तापवून गरमच घालायची सवय. गरम दुधात ते फ्लेक्स दोन मिनिटांत लगदा होत. शिवाय पोह्यांच्या मानाने भाव भलताच. लोकांनी एकदा नवलाईने घेतले आणि परत पोह्यांवर आले. कंपनीकडे पैसा होता, म्हणून ती टिकली, चवी बदलल्या, लहान पाकिटं काढली. तुमच्याकडे तेवढा दम नाही. जनरल मोटर्सने तळेगावला २००८ मध्ये कारखाना सुरू केला, भारतातली विक्री २०१७ मध्ये थांबवली आणि २०२० च्या अखेरीस तळेगावचं उत्पादनही बंद. बाजार मोठा होता आणि वाढतही होता. तो त्यांच्या वाट्याला आला नाही इतकंच.

म्हणून मी कुठल्याही कारखानदाराला पहिला प्रश्न विचारतो तो असा: तुमचा माल ज्या परिस्थितीसाठी जन्मला, तशी परिस्थिती आणखी कुठे आहे?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या आकुर्डीचं. बजाजची बॉक्सर मोटरसायकल भारतात गावाकडच्या साध्या गाडीसारखी ओळखली गेली. दणकट, कमी पेट्रोल पिणारी, कुठल्याही झाडाखाली दुरुस्त होणारी. शहरातल्या पोरांना ती नको होती. पण नायजेरियात ओकाडा आणि युगांडात बोडा-बोडा म्हणतात त्या मोटरसायकल टॅक्सीवाल्यांना नेमकी तीच हवी होती. दिवसभर चालवायची, मागे दोन माणसं आणि वर पोतं, रस्ता कच्चा, मेकॅनिक चौकात बसलेला. आपल्या तालुक्याच्या गावात जी परिस्थिती, तीच तिथे. २०२१-२२ या वर्षात बजाज ऑटोने पंचवीस लाखांवर गाड्या निर्यात केल्या, म्हणजे एकूण विक्रीच्या निम्म्याहून जास्त. तेवढ्या गाड्या युरोप-अमेरिकेच्या नादाने खपल्या नसत्या.

कोणी म्हणेल, मग महिंद्राचे ट्रॅक्टर अमेरिकेत कसे चालले? चांगला प्रश्न आहे, कारण वरवर पाहता तो माझ्या विरोधात जातो. महिंद्राने १९९४ मध्ये टेक्सासात बस्तान बसवलं. अमेरिकेतला खरा शेतकरी हजारो एकरवाला, त्याला आपला ट्रॅक्टर म्हणजे खेळणं. पण तिथे आणखी एक माणूस राहतो: शहराबाहेर दहा-वीस एकर जागा, दोन घोडे, थोडं गवत, सुटीच्या दिवशी मशागतीची हौस. त्याला लहान, जड बांध्याचा, साधा, परवडणारा ट्रॅक्टर हवा होता आणि तिथल्या बड्या कंपन्यांचं लक्ष मोठ्या यंत्रांवर होतं. भारतातल्या पाच-दहा एकरवाल्यासाठी बनलेलं यंत्र त्या हौशी माणसाच्या कामाला बरोबर बसलं. म्हणजे महिंद्राने अमेरिका निवडली असं म्हणण्यापेक्षा अमेरिकेतला तो दहा एकरवाला निवडला असं म्हणायला हवं. देशाच्या नकाशावर बोट ठेवण्याआधी असा एक माणूस डोळ्यांसमोर दिसला पाहिजे. न्यू जर्सीत तुमचा पंप घेणारा माणूस मला तरी दिसत नाही.

आता तुमचा पंप काय आहे ते बघू. तो महाराष्ट्रातल्या विजेसाठी बनलाय. रात्रीची वीज, व्होल्टेज कधी १६०, कधी २४०, शेजाऱ्याने आकडा टाकला की आणखी खाली. त्यात जळू नये म्हणून आपल्याकडच्या मोटरी रुंद व्होल्टेज-पट्ट्यासाठी वाइंड केलेल्या, म्हणजे तशी तार गुंडाळलेल्या असतात. पाण्याने भरलेली मोटर, आणि जळलीच तर तालुक्याला नेऊन रिवाइंड करता येते, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळता येते. हे सगळं आपल्याला मागासलेपण वाटतं. कंपालाच्या बाहेरच्या शेतकऱ्याला ते वरदान वाटतं.

आणि याच मोटरीमुळे तुमच्या यादीतले दोन देश एका फटक्यात कटतात. अमेरिका आणि सौदी, दोन्हीकडे वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची. आपली ५०. हे इतकं साधं असूनही मी स्वतः यात तोंडावर पडलोय. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फिलिपिन्सची चौकशी आली, तिथेही ६० हर्ट्झ. कोटेशन मी पाठवलं, नमुन्याचे बारा पंप गेले, आणि महिन्याभरात बाराही मोटरी जळून पडल्या. ६० हर्ट्झवर मोटर वीस टक्के जास्त वेगाने फिरते. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनात वाढते, म्हणजे १.२ चा घन, सुमारे १.७३. पाच एचपीच्या मोटरीकडून साडेआठ एचपीचं काम मागितलं तर ती जळणारच. साहेबांनी मला काही म्हटलं नाही, फक्त टेबलावर ते जळकं वायंडिंग ठेवलं. ६० हर्ट्झसाठी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं चाक, लहान करावा लागतो, वायंडिंग बदलावं लागतं, कामगिरीचे तक्ते नव्याने काढावे लागतात. म्हणजे नवीन मालच. पहिल्या निर्यातीसाठी नवीन माल बनवायचा आणि नवीन देशही शिकायचा, हे एकदम दोन्ही करू नये. याशिवाय अमेरिकेत पिण्याच्या पाण्याशी संबंधित मालाला तिथल्या संस्थांची प्रमाणपत्रं लागतात, आणि माल सदोष निघाला तर दाव्यांचा विमा. त्या विम्याच्या हप्त्यात तुमचा नफा संपेल.

जर्मनीत ५० हर्ट्झ आहे, पण युरोपियन संघाने पाण्याच्या पंपांसाठी किमान कार्यक्षमतेचा नियम २०१३ पासून लावला आणि २०१५ मध्ये तो आणखी कडक केला. तुमचे काही मॉडेल कदाचित बसतीलही. पण समोर कोण आहे बघा: ग्रुंडफोस, विलो, केएसबी, आणि खालच्या भावात इटलीवाले. तिथल्या ग्राहकाला रिवाइंड होणाऱ्या मोटरीचं कौतुक नाही. तिथे मजुरी इतकी महाग की बिघडलेला लहान पंप फेकून देतात. तुमच्या मालाचा सगळ्यात मोठा गुण तिथे शून्य किमतीचा ठरतो. तुम्ही फाउंड्रीवाले असता आणि कास्टिंग विकायला निघाला असता तर मी जर्मनीला जा म्हटलं असतं. कोल्हापूरची कास्टिंग तिकडच्या कारखान्यांना लागतात. तयार पंप नाही.

उरले नेपाळ आणि केनिया. यातही निवड आंधळेपणाने करायची नाही, आकडे बघायचेच. फक्त बरोबर आकडे. कुठल्याही मालाला एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो आणि त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे. तुमचे बहुतेक पंप ८४१३ ७० मध्ये येतात. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचं 'ट्रेड मॅप' उघडा, हा कोड घाला आणि कोणता देश किती आयात करतो ते पाहा. एकूण रकमेवर फार वेळ घालवू नका. मी तीन गोष्टी बघतो. सध्या माल कोण पुरवतो? भारत पहिल्या पाचांत असेल तर भारतीय पंप तिथल्या मेकॅनिकला ओळखीचा आहे. चीनचा वाटा किती आणि कोणत्या भावाने? झेजियांग प्रांतात वेनलिंग नावाचं गाव आहे, पंपांचं राजकोट म्हणा, तिथून येणाऱ्या मालाच्या भावाशी तुम्ही भिडू शकत नाही, भिडूही नका. आणि तिसरं, गेल्या पाच-सात वर्षांत आयात हळूहळू चढलीय की एकदम उसळून पडलीय? उसळी म्हणजे बहुधा एखादा सरकारी प्रकल्प. तो संपला की बाजारही संपला.

या आकड्यांत एक सापळा आहे. संयुक्त अरब अमिरातीचा आकडा नेहमी फुगलेला दिसतो, कारण दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरलेला माल तिथे राहत नाही, पुढे आफ्रिकेत, इराकमध्ये, मध्य आशियात जातो. नाशिकच्या द्राक्षांचंही तसंच. आकडे पाहिले तर वाटतं की डच लोक आपल्या द्राक्षांवरच जगतात. प्रत्यक्षात कंटेनर रॉटरडॅमला उतरतात आणि पेट्या साऱ्या युरोपभर पांगतात.

द्राक्षांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण बाजार निवडण्याचं शास्त्र महाराष्ट्रात कोणी खऱ्या अर्थाने अंगावर घेऊन शिकलं असेल तर ते नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी. त्यांनी युरोप निवडला तो देश म्हणून नाहीच, आठवडे म्हणून निवडला. दक्षिण गोलार्धातला, म्हणजे दक्षिण आफ्रिका-चिलीचा माल ओसरू लागतो आणि इजिप्त, स्पेन, इटलीचा यायचा असतो, त्या मधल्या फटीत, मार्च-एप्रिलच्या सुमाराला आपला माल तिथल्या कपाटांवर बसतो. फट सरकली की भाव गेला. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला, आणि फटीतल्या त्या आठवड्यांचा हिशोब कोलमडला. त्याआधी २०१० चा धक्का होताच. वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. ते औषध कधी घातलं हेच जे विसरले त्यांची घरं त्यात बसली. तिथून पुढे कोणत्या बाजारासाठी कोणती बाग, हे छाटणीच्या वेळीच ठरू लागलं. रशियाला जाणारी बाग वेगळी, युरोपची वेगळी, बांगलादेशची वेगळी. माल तयार झाल्यावर देश शोधणं तिथे बंद झालं, आणि मला ते पंपांनाही लागू वाटतं.

हापूसची गोष्ट याच्या उलट. अमेरिकेचं दार २००७ मध्ये उघडलं तेव्हा पेपरांत केवढ्या बातम्या! पण अट अशी की आंब्यावर विकिरण हवं, ते लासलगावच्या केंद्रात, अमेरिकेच्या निरीक्षकासमोर, आणि मग विमानाने रवानगी. एवढा खर्च चढल्यावर तो आंबा तिकडच्या मराठी-गुजराती घरांतला वर्षातून एकदाचा सण झाला, मेक्सिकोच्या आंब्याशी स्पर्धा करणारं फळ झाला नाही. दार उघडं असणं आणि आत जाणं परवडणं यात एवढं अंतर असतं. आखातात कोकणचा आंबा गाजावाजा न होता जातच राहिला.

पंपांकडे परत येतो. आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी एवढं लांबण लावलं. माल कसा जाईल हे सगळे विचारतात. पैसा कसा परत येईल हे विचारणारा मला दहातला एक भेटतो.

२०१५ साली आमच्या कंपनीचा नायजेरियात एक जुना गिऱ्हाईक होता, कानो शहरातला. सहा वर्षांचा व्यवहार, शब्दाचा पक्का. नव्वद दिवसांच्या उधारीवर दोन कंटेनर गेले. त्याने मुदतीत आपल्या बँकेत नायरा, म्हणजे तिथलं चलन, भरलेसुद्धा, पावती पाठवली. पण तेलाचे भाव कोसळले होते, देशात डॉलर उरले नव्हते, तिथल्या मध्यवर्ती बँकेने जून २०१५ मध्ये एक्केचाळीस प्रकारच्या आयातीला सरकारी दराने डॉलर देणं बंद केलं. पंप त्या यादीत नव्हते, पण रांगेत होते. आठ महिने, दहा महिने, बारा महिने. मग जून २०१६ मध्ये नायराचा दर बाजारावर मोकळा सोडला आणि एका दिवसात डॉलर सुमारे दोनशेवरून दोनशे ऐंशीच्या आसपास गेला. त्या बिचाऱ्याने भरलेल्या नायऱ्यांत आता पूर्ण बिलाचे डॉलर येईनात. त्याने फोनवर सांगितलं, मी एकदा पैसे दिलेत, दुसऱ्यांदा कुठून देऊ? चूक त्याची नव्हती. आम्ही चौथ्या हिश्शावर पाणी सोडलं. गिऱ्हाईक प्रामाणिक आहे की नाही हे आम्ही तपासलं होतं; त्याच्या देशाकडे डॉलर आहेत की नाही हे तपासलं नव्हतं.

२०२३ मध्ये नायरा पुन्हा असाच सोडला गेला आणि नायजेरियात माल विकणाऱ्या सगळ्यांनाच पुन्हा झळ बसली. श्रीलंकेने मार्च २०२० मध्ये परकीय चलन वाचवायला वाहनांची आयात बंद केली, ती २०२५ मध्ये उघडली. तिथे रस्तोरस्ती भारतीय रिक्षा आहेत, मागणी होती, वितरक होते, सगळं होतं.

म्हणून देश पक्का करण्याआधी मुंबईच्या ईसीजीसीकडे जा. १९५७ पासूनची सरकारी संस्था आहे, निर्यातीच्या उधारीचा विमा देते. ती देशांची ए-१ पासून डी पर्यंत सात गटांत विभागणी करते. हा तक्ता फुकट मिळतो आणि तुमच्या त्या अहवालापेक्षा जास्त कामाचा आहे. विमा कंपनी ज्या देशावर स्वतःचे पैसे लावायला कचरते, तिथे तुम्ही घर गहाण ठेवून उधारी देऊ नये. जोखमीच्या देशात जायचंच असेल तर आगाऊ पैसे, नाहीतर बाहेरच्या मोठ्या बँकेने हमी घेतलेली एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेने पैशांची हमी दिलेलं पत्र). नुसती एलसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती उघडणारी बँकही त्याच देशात असते.

आणखी एक वाट आहे, ती लहान कारखान्यांना ठाऊक नसते. भारत सरकार एक्झिम बँकेमार्फत गरीब देशांना कर्ज देतं, अट अशी की मालाचा मोठा हिस्सा भारतातून घ्यायचा. पुरवठादाराला पैसे इथेच मिळतात. सेनेगलमध्ये भातशेतीसाठी किर्लोस्करांचे पंप गेले ते अशाच कर्जातून. तुम्ही एकटे अशा निविदेला पुरे पडणार नाही, पण मुख्य ठेकेदाराला ठरावीक मापाचे पंप पुरवू शकता. तेव्हा परकीय चलनाची सगळी डोकेदुखी त्याची.

या कसोटीवर नेपाळ बघा. १९९३ पासून भारतीय एक रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे, दर हललेला नाही. व्यवहार भारतीय रुपयांत होतो. वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तराईत, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यात, बोअर आहेत, भात आहे, आपल्यासारखीच लहान खातेदारी. रक्सौलहून वीरगंजला ट्रक जातो, जहाज नको. तोटा एकच: तिथे आधीच सगळे भारतीय ब्रँड आहेत, म्हणजे कोइमतूर आणि राजकोट तुमच्याआधी पोचलेत. नफा फार सुटणार नाही. मग जायचं कशाला? निर्यातीचे कागद शिकायला. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, उगमाचा दाखला, सीमेवरचा एजंट, बँकेतला पाठपुरावा, हे सगळं तुमच्या हिशोबनीस बाईंच्या हाताखालून एकदा जाऊ द्या. चूक झाली तर ट्रक परत आणता येतो, मोंबासाहून कंटेनर परत आणता येत नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी सत्तरच्या दशकात तिथल्या कंपन्या तपासल्या तेव्हा असंच दिसलं होतं की कंपन्या आधी ओळखीच्या वाटणाऱ्या शेजारी जातात, शिकतात, मग लांब जातात. फक्त शेजारी ओळखीचा वाटतो म्हणून गाफील राहू नका. काठमांडूचा व्यापारी हिंदी बोलतो, म्हणून तो कोल्हापूरचा होत नाही.

केनिया हे खरं गाव. २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. न्हावा शेवाहून मोंबासाचा मार्ग सरळ अरबी समुद्रातून जातो, तांबड्या समुद्राच्या भानगडीत पडावं लागत नाही. मोंबासा हे एकट्या केनियाचं बंदर नाही. युगांडाचा बराचसा आणि रवांडाचा काही माल तिथूनच आत जातो, आणि ईस्ट आफ्रिकन कम्युनिटीतल्या देशांचा बाहेरच्या मालावरचा आयात कर सामायिक ठरवलेला आहे. म्हणजे नैरोबीतला एक चांगला वितरक तुम्हाला तीन देशांत नेतो. भारतीय पंपांचं नाव आहे, गुजराती-पंजाबी व्यापाऱ्यांची साखळी आहे. अडचणीही सांगतो. २००५ पासून केनियाच्या मानक संस्थेची अट आहे की बहुतेक माल निघण्याआधीच तपासून प्रमाणपत्र घ्यायचं. ते न घेता माल गेला तर बंदरात दंड आणि तिष्ठत बसणं. चीनचा माल स्वस्त आहे. आणि खेड्यापाड्यांत जिथे वीजच नाही तिथे सौर पंप झपाट्याने येतायत. तुम्ही पुढच्या तीन वर्षांत सौर कंट्रोलरवर चालणारी मोटर काढणार नसाल तर हा बाजार तुमच्या हातून आक्रसत जाईल. हे शिलिंग या तिथल्या चलनाचं आणि निवडणुकांचं बोलणं सोडूनच. जोखीम आहे, पण ती तुमच्या खिशाला झेपेल एवढी आहे.

तिथे कसं जायचं? प्रदर्शनात स्टॉल घेऊन नाही. प्रदर्शनात चारशे व्हिजिटिंग कार्डं मिळतात आणि सगळे 'एजंट' असतात. दहा दिवसांचं तिकीट काढा, जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत, तिथल्या मुख्य पावसाळ्याच्या आधी, पंप फिरत असतात तेव्हा. शोरूम नंतर बघा. आधी मोटरी रिवाइंड करणाऱ्यांच्या टपऱ्यांवर बसा. तिथे जमिनीवर पडलेल्या जळक्या मोटरी मोजा: कोणत्या ब्रँडच्या, किती एचपीच्या, कशाने जळल्या, तांबं आहे की ॲल्युमिनियम. एका रिवाइंडरने मला नाकुरूला जे अर्ध्या तासात सांगितलं ते कुठल्याच अहवालात नव्हतं: त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक मोटरी दीड एचपीच्या सिंगल फेज होत्या आणि कॅपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) आधी जात होता, मोटर नंतर. आम्ही पुढचा लॉट जाड कॅपॅसिटर घालून पाठवला आणि बॉक्सवर तेवढंच छापलं. विक्री त्या एका वाक्यावर झाली.

वितरक ठरवताना सगळा देश एकाला लिहून देऊ नका. एक वर्ष, एक शहर, ठरलेली खरेदी. आणि ब्रँडची नोंदणी तिथे आधी स्वतःच्या नावावर करा. वितरकाने ती आपल्या नावावर करून घेतली आणि मग मूळ मालकालाच आपला माल विकायला बंदी आली, असं मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा वितरक अतिशय गोड बोलणारा होता.

पुढचं बोलण्याआधी मला तीन गोष्टी पाठवा. तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या तीन पंपांच्या नेमप्लेटचे फोटो. मोटर किती कमी व्होल्टेजवर सुरू होते याची तुमच्या टेस्ट बेंचवरची नोंद, कॅटलॉगमधली नको. आणि किती रुपये पूर्ण वर्षभर अडकले तरी पगार थांबणार नाहीत, तो आकडा. तिसरा आकडा वहिनींना विचारून पाठवलात तर जास्त खरा येईल.